तेलाशिवाय ठाणे-नवी मुंबईचं नेमकं काय अडतं?

१ आणि २ जानेवारी २०२४ ला ठाण्यापासून पनवेलपर्यंत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या. बाटल्या, कॅन, टाकी फुल्ल करण्याची धडपड, रांगेत घुसणाऱ्यांशी भांडणं, सगळं झालं. खरं तर तेव्हा तेलाची टंचाई कुठेच नव्हती. खाडीपलीकडे ट्रॉम्बेला दोन मोठ्या रिफायनऱ्या नेहमीसारख्या चालू होत्या. अपघात करून पळून जाणाऱ्या चालकांना जबर शिक्षा सांगणाऱ्या नव्या कायद्यातल्या कलमाविरुद्ध ट्रक आणि टँकरचालकांनी गाड्या उभ्या केल्या होत्या, एवढंच. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत थोड्याच दिवसांचा साठा असतो. तो संपेल या भीतीनं सगळे एकाच दिवशी आले आणि म्हणूनच तो संपला. २ तारखेच्या रात्री तोडगा निघाला, टँकर सुटले आणि दोन-तीन दिवसांत सगळे विसरून गेले.

तेलावर अवलंबून राहणं चांगलं की वाईट, असा वाद अशा वेळी हमखास निघतो. मला हा वादच चुकीच्या जागी सुरू होतो असं वाटतं. स्कूटरमधलं पेट्रोल, कांद्याच्या ट्रकमधलं डिझेल, विमानातलं इंधन आणि घोडबंदर रोडवरचं डांबर ही सगळी तेलाचीच रूपं आहेत. पण त्यांची गरज सारखी नाही आणि त्यांना पर्यायही सारखे नाहीत. प्रत्येकाचा हिशेब वेगळा मांडला, तर उत्तरं बरीच स्पष्ट मिळतात.

आधी एक गैरसमज बाजूला करू

तेल महागलं की वीज महागणार, असं बरेच जण धरून चालतात. भारतात तेल जाळून वीज जवळजवळ बनतच नाही. आपल्या विजेचा सर्वात मोठा वाटा, साधारण सत्तर टक्क्यांच्या वर, कोळशाचा आहे. उरलेली पाणी, सूर्य, वारा, अणू आणि थोडी गॅसवर. आपल्याकडे तेलाचं मुख्य काम म्हणजे वाहनं हलवणं. सोसायटीत लिफ्टसाठी ठेवलेला डिझेल जनरेटर हा अपवाद, आणि तो चालू झाला की अख्ख्या आवाराला कळतं.

ठाणेकराच्या बाबतीत तर अजून एक गंमत आहे. रोजचा सर्वात मोठा प्रवास तेलावर होतच नाही. लोकल विजेवर धावते. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला आलेली पहिली गाडी वाफेवरची होती. विजेवरची पहिली लोकल ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी (आजचं सीएसएमटी) ते कुर्ला धावली. म्हणजे मुंबईच्या आसपासच्या लाखो लोकांची ये-जा तेलापासून सुटायला सुरुवात झाली, त्याला शंभर वर्षं होऊन गेली. त्या वेळी हवामानबदलाचं नाव कोणी घेत नव्हतं. विजेची गाडी पटकन वेग घेते, पटकन थांबते, म्हणून कमी अंतरावरच्या स्थानकांमध्ये ती सोयीची होती. पर्याय खरोखर सोयीचा असला की लोक इंधन बदलतात. उपदेशानं बदलत नाहीत.

स्टेशनपर्यंत पोचायला मात्र रिक्षा, बस, बाइक लागते, आणि तिथे तेल किंवा गॅस हजर होतं.

समुद्रातून पंपापर्यंत

तेलाचा प्रवास समजून घ्यायला आपल्याइतकी सोयीची जागा क्वचित असेल. मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात, दीडशे किलोमीटरहून दूर, बॉम्बे हाय आहे. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या समुद्री तेल-रिगवरून केलेल्या खोदकामात तिथे तेल लागलं आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. तिथलं तेल आणि वायू समुद्रतळाशी टाकलेल्या नळांमधून उरणला येतात. उरणला वायूपासून स्वयंपाकाचा गॅस वेगळा काढतात आणि तिथूनच कच्चं तेल ट्रॉम्बेच्या रिफायनऱ्यांकडे जातं. त्या रिफायनऱ्या बॉम्बे हायच्या कितीतरी आधीच्या, १९५४-५५ च्या सुमाराच्या. तेव्हा त्या परदेशी कंपन्यांच्या होत्या; १९७४ ते १९७६ च्या दरम्यान सरकारनं ताब्यात घेतल्या आणि त्यांची हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम झाली. बाहेरचं तेल जहाजानं येतं आणि बंदरातल्या जवाहर द्वीपावर उतरतं.

रिफायनरीत मूळ काम सोपं आहे. कच्चं तेल म्हणजे हलक्या-जड अनेक द्रव्यांचं मिश्रण. ते साडेतीनशे अंशांच्या आसपास तापवून उंच मनोऱ्यात सोडतात. हलकी द्रव्यं वाफ होऊन वर चढतात, जड खाली राहतात. सर्वात वर स्वयंपाकाचा गॅस, मग नॅप्था आणि पेट्रोल, त्याखाली विमानाचं इंधन आणि रॉकेल, मग डिझेल, त्याखाली भट्ट्या आणि जहाजांसाठीचं जाड तेल, आणि तळाला डांबर.

यातली एक गोष्ट पुढे फार कामाची आहे. हे सगळं एकाच वेळी निघतं. ऊस गाळला की रसाबरोबर चिपाड येणारच, तसंच. मला फक्त डिझेल हवं, पेट्रोल नको, असं कच्च्या तेलाला सांगता येत नाही. जड द्रव्यं फोडून हलकी बनवण्याच्या युक्त्या आहेत आणि रिफायनऱ्या त्या वापरतातही, पण त्यालाही मर्यादा आणि खर्च आहे.

नॅप्थाचं नाव आपल्या भागाला नवं नाही. घणसोलीचा नोसिल नाका आजही त्याच नावानं ओळखला जातो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ठाणे-बेलापूर पट्ट्यात नोसिलचा कारखाना सुरू झाला. तिथे नॅप्था फोडून प्लास्टिक आणि रसायनांसाठी लागणारा कच्चा माल बनत असे. त्या पट्ट्यातल्या रसायन कारखानदारीच्या वाढीत या मालाचा मोठा हात होता, आणि नवी मुंबई वसण्याआधीच आसपासच्या गावांमध्ये नोकऱ्या आल्या होत्या. तेलाचे फायदे मोजताना लोक गाडीपाशी थांबतात. दुधाची पिशवी, औषधाचं वेष्टन, टेरिकॉटचा शर्ट, रंग हे सगळं ते विसरतात.

इतकी वर्षं आपण त्याला धरून का बसलो

कारण ते कामाला जबरदस्त आहे. हे कबूल न करता तेलाविरुद्ध बोलणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास बसत नाही.

एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते, म्हणजे विजेच्या बिलावर असतं तेच युनिट. डिझेलमध्ये सुमारे १०. कारच्या टाकीत ३० लिटर पेट्रोल भरलं की २७० युनिट भरले. दोन-तीन माणसांच्या घराला महिनाभर पुरेल एवढी ऊर्जा, आणि ती भरायला मिनिट-दीड मिनिट पुरतं. एवढीच ऊर्जा विजेच्या तारेतून दीड मिनिटात द्यायची, तर एका गाडीसाठी १० मेगावॉटच्या वर जोडणी लागेल. मॉलच्या पार्किंगमधला ६० किलोवॉटचा ‘फास्ट’ चार्जर मिनिटाला एक युनिट देतो.

वजनाचंही तसंच. एक किलो पेट्रोलमध्ये १२ युनिटच्या आसपास ऊर्जा आहे, तर चांगल्या लिथियम बॅटरीच्या एका किलोत पाव युनिटसुद्धा जेमतेम. स्कूटरला हे चालून जातं, कारण तिला दिवसाला ३०-४० किलोमीटर जायचं असतं आणि रात्री उभं राहायचं असतं. विमानाला नाही चालत. नवी मुंबईच्या विमानतळावरून डिसेंबर २०२५ मध्ये प्रवासी उड्डाणं सुरू झाली. तिथून दिल्लीला जाणारं विमान बॅटरीवर उडवायचं म्हटलं, तर बॅटरीच्या वजनानंच ते जमिनीवर राहील.

शिवाय तेल ओतता येतं, साठवता येतं, टँकरमधून कोकणातल्या आडवाटेच्या गावापर्यंत नेता येतं. त्याला तार लागत नाही, बर्फ लागत नाही, फार दाब लागत नाही. पावसाळ्यात दोन दिवस वीज गेली तरी डब्यातलं डिझेल डब्यातच असतं. रुग्णालयाच्या तळघरातला जनरेटर याच भरवशावर उभा असतो.

आता दुसरी बाजू. पेट्रोलमध्ये ९ युनिट आहेत खरे, पण इंजिन त्यातले बहुतेक उष्णतेत घालवतं. चाकापर्यंत पोचतात ते चौथा हिस्सा किंवा त्याच्या आसपास. तीन हात नाक्याच्या सिग्नलला इंजिन चालू ठेवून उभं राहिलं, तर तेही नाही. विजेच्या मोटरचं उलट आहे. तिथे ऐंशी टक्क्यांहून जास्त ऊर्जा चाकापर्यंत जाते.

आकड्यांत सांगतो. पेट्रोल स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर अॅव्हरेज देते असं धरू, म्हणजे ९ युनिटांत ४५ किलोमीटर. विजेची स्कूटर एका युनिटात ३० किलोमीटरच्या आसपास जाते, म्हणजे ९ युनिटांत २७०. सहापट. यावर हटकून प्रश्न येतो की वीज कोळशाचीच ना? बरोबर आहे. कोळशाच्या ९ युनिट उष्णतेतून वीज केंद्रात ३ युनिट वीज मिळते, तारांमध्ये आणि चार्जिंगमध्ये थोडी जाते, हातात अडीचच्या आत युनिट उरतात. तरीही ७० किलोमीटरच्या वर मजल जाते. पेट्रोलच्या ४५ पेक्षा जास्तच. शिवाय कोळसा बराचसा देशातला आहे, पेट्रोलचं तसं नाही. आणि वीज जसजशी सौर-पवनाकडे सरकेल, तसतशी तीच स्कूटर काही न बदलता स्वच्छ होत जाईल. पेट्रोलची स्कूटर मात्र जुनी होत जाते तशी जास्तच धूर सोडते.

उधारीचं तेल

तेलाचा आपल्यासाठी सर्वात मोठा तोटा धुरात नाही, मालकीत आहे, असं माझं मत.

१९८४-८५ मध्ये भारतात सुमारे २ कोटी ९० लाख टन कच्चं तेल निघत होतं. त्यात बॉम्बे हायचा वाटा मोठा होता. देशाची गरज तेव्हा ४ कोटी टनांच्या आसपास. २०२३-२४ मध्ये देशात किती तेल निघालं? पुन्हा २ कोटी ९० लाख टनांच्याच आसपास. आणि वापर? २३ कोटी टनांहून अधिक. चाळीस वर्षांत विहिरी जिथल्या तिथे आणि गाड्या कुठल्या कुठे. आज आपण ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो. अमेरिका आणि चीननंतर जगात सर्वात जास्त तेल आपण वापरतो. २०२२-२३ मध्ये या आयातीचं बिल दीडशे अब्ज डॉलरच्या वर गेलं होतं.

हे बिल डॉलरमध्ये भरावं लागतं. म्हणून तेल महागलं नाही तरी रुपया घसरला की झळ बसतेच. हिशेब सोपा आहे. एका बॅरलमध्ये १५९ लिटर. समजा बॅरलचा भाव ७० डॉलर आणि डॉलर ८० रुपयांना, तर लिटरमागे कच्चं तेल ३५ रुपयांना पडलं. डॉलर ९० झाला की तेच तेल साडेएकोणचाळीसच्या घरात. साडेचार रुपये वाढले आणि अरबस्तानात काहीही घडलेलं नाही.

घडतं तेव्हा तर बोलायलाच नको. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर काही महिन्यांत तेल चौपट महागलं. १९९० मध्ये इराकनं कुवेत गिळलं, तेलाचे भाव भडकले, आखातात काम करणाऱ्यांकडून येणारा पैसा आटला. आधीच खिळखिळ्या झालेल्या आपल्या परकीय चलनाच्या गंगाजळीला तो धक्का पेलवला नाही. १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेला सुमारे ४७ टन सोनं परदेशात गहाण ठेवावं लागलं. त्या संकटाला इतरही कारणं होती, पण शेवटची ढकल तेलाची होती.

जगात वापरल्या जाणाऱ्या तेलापैकी पाचवा हिस्सा एरवी होर्मुझच्या सामुद्रधुनीतून जातो. इराण आणि ओमानच्या मधली ती चिंचोळी वाट सर्वात अरुंद जागी तेहतीस-एक किलोमीटर आहे. ठाणे ते सीएसएमटी एवढंच अंतर. तिथे बंदुका रोखल्या गेल्या की उरणजवळ जहाजाची वाट पाहणाऱ्यांच्या पोटात गोळा येतो.

यावर उपाय म्हणून विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर इथे जमिनीखाली खडकात मोठ्या गुहा कोरून ५३ लाख टन साठवण्याची सोय केली आहे. पूर्ण भरल्या तर देशाची साधारण साडेनऊ दिवसांची गरज भागेल. तेल कंपन्यांच्या टाक्यांची क्षमता धरली तर सत्तरच्या वर दिवस. दुसरा उपाय म्हणजे दुकानदार बदलत राहणं. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू होण्याआधी रशियाकडून आपण दोन टक्केही तेल घेत नव्हतो. पुढच्या वर्षभरात ते एकूण आयातीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत गेलं. स्वस्त मिळालं, घेतलं. त्यातून अमेरिकेशी कटकट सुरू झाली तो भाग वेगळा. दुकानदार बदलला तरी उधारी आपलीच राहते.

पंपावरचा दर कोण ठरवतं

कच्चं तेल लिटरला चाळीस रुपयांच्या आसपास असताना पंपावर शंभरच्या वर कसं जातं? मधे शुद्धीकरण, वाहतूक, कंपनीचा नफा आणि पंपमालकाचं कमिशन आहे. त्यावर केंद्राचं उत्पादन शुल्क, तेही लिटरमागे ठरावीक रुपये. आणि त्या सगळ्यावर राज्याचा व्हॅट, तो टक्क्यांत. पेट्रोल-डिझेल जीएसटीमध्ये नाही, म्हणून दर राज्याचा वेगळा हिशेब.

आपल्याकडे तर राज्याच्या आतही वेगळा होता. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांच्या हद्दीत व्हॅट उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा जास्त होता. २०२४ च्या राज्य अर्थसंकल्पात पेट्रोलवरचा २६ वरून २५ टक्के आणि डिझेलवरचा २४ वरून २१ टक्के केला, तेव्हा कुठे फरक मिटला. त्याआधी माल वाहणारे चालक टाकी कुठे भरायची हे हद्द बघून ठरवायचे, त्यात नवल नाही.

२०१७ पासून दर रोज बदलतात, असं कागदावर आहे. प्रत्यक्षात जुलै २०२२ ते मार्च २०२४ मुंबईतलं पेट्रोल १०६ रुपये ३१ पैशांवर ठाण मांडून होतं, आणि त्या काळात जगात कच्च्या तेलाचा भाव वर-खाली होतच होता. २०२० च्या टाळेबंदीत उलट झालं. मागणी इतकी पडली की अमेरिकेत एका दिवशी तेलाच्या सौद्याचा भाव शून्याच्या खाली गेला. आपल्याकडे त्याच सुमारास केंद्रानं पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये शुल्क वाढवलं. स्वस्त तेलाचा फायदा तिजोरीत गेला.

सरकारला दोष देऊन इथे थांबता येईल, पण मला त्यामागची अडचण जास्त महत्त्वाची वाटते. तेलावर फक्त आपल्या गाड्या अवलंबून नाहीत, केंद्र आणि राज्यांची तिजोरीही अवलंबून आहे. उद्या सगळ्या दुचाकी विजेवर गेल्या, तर हा कर कुठून यायचा? पेट्रोल संपलं की कराची पावती संपेल, असं समजू नका. ती विजेच्या बिलावर, टोलवर किंवा गाडीच्या नोंदणीवर दिसेल.

कांदा खरंच डिझेलमुळे महागतो?

डिझेल वाढलं की वाशीच्या एपीएमसीपासून गल्लीतल्या हातगाडीपर्यंत एकच वाक्य ऐकू येतं: भाडं वाढलं ना ताई. आकडेमोड करून बघू.

नाशिककडून १५ टन कांदा घेऊन ट्रक वाशीला आला आणि रिकामा परत गेला, तर जाऊन-येऊन साडेतीनशे-पावणेचारशे किलोमीटर. लिटरला ४ किलोमीटर धरले तर ९० लिटर डिझेल. ९० रुपयांनी ८१०० रुपये. किलोमागे ५४ पैसे. डिझेल एकदम १० रुपयांनी वाढलं, तरी किलोमागे वाढ ६ पैसे.

आता पुढचा टप्पा बघा. डोंबिवलीतला भाजीवाला पहाटे छोटा टेम्पो करून वाशीहून ७०० किलो माल नेतो. जाऊन-येऊन ६० किलोमीटर, लिटरला १२, म्हणजे ५ लिटर. साडेचारशे रुपये भागिले ७००, किलोमागे ६४ पैसे. नाशिकहून वाशी परवडलं, वाशीहून डोंबिवली महाग! कारण मोठ्या गाडीत माल एकत्र येतो, छोट्या गाडीत तो विखुरतो आणि शिळफाट्याच्या कोंडीत इंजिन जळत राहतं ते वेगळंच.

म्हणजे कांदा किलोमागे दहा रुपयांनी वाढला, तर त्यात डिझेलच्या दहा रुपयांच्या वाढीचा हात तेरा-चौदा पैशांचा, फार तर पंधरा-वीस पैशांचा. बाकी पाऊस, साठवण, निर्यातबंदी, दलाली. पालेभाजीचं गणित वेगळं आहे, ती जागा जास्त खाते आणि वजन कमी भरते. शेतातला ट्रॅक्टरही डिझेलवरच चालतो. तरीही सगळं खापर पंपावर फोडणं सोयीचं असतं, इतकंच म्हणेन. आणि बदल करायचा तर तो आधी या शेवटच्या टप्प्यात करावा. ६० किलोमीटरचा टेम्पो विजेवर सहज जातो, नाशिकचा १५ टनी ट्रक अजून अवघड आहे.

खाडीनं भरलेली किंमत

७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ही दोन जहाजं एकमेकांवर आदळली. चित्रा कलंडलं, कंटेनर समुद्रात पडले आणि सुमारे ८०० टन जाड तेल पाण्यात गेलं. भरती-ओहोटीनं ते खाडीत शिरलं, उरण-नवी मुंबईच्या बाजूच्या कांदळवनाच्या मुळांना काळा थर बसला. मासे खाऊ नका, अशा सूचना निघाल्या, बाजार पडला. मच्छीमारी बंदीनंतरचा हंगाम नुकता सुरू होत होता. पंपावर पाचशेचं पेट्रोल टाकताना जी पावती मिळते, तिच्यावर दिवाळे गावच्या किंवा वाशी गावच्या कोळ्याचं हे नुकसान कुठे लिहिलेलं नसतं.

याच खाडीच्या एका काठावर रिफायनऱ्यांच्या चिमण्या आणि पाण्यात फ्लेमिंगो, असं चित्र ऐरोली-वाशीच्या लोकांच्या सवयीचं आहे. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला.

हवेचं सांगायचं तर काही सुधारलंय. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे प्रदूषणाच्या कडक निकषांचं इंधन आलं, त्यात गंधकाचं प्रमाण दहा लाखात ५० भागांवरून १० वर आलं. पण जेएनपीटी बंदर ते कळंबोलीच्या रस्त्यावरच्या जुन्या ट्रकांचं इंजिन त्यामुळे नवं होत नाही. कार्बन डायऑक्साइडला तर गाळणीच नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की २.३ किलो वायू बाहेर पडतो. लिटरभर पेट्रोलचं वजनच पाऊण किलो, मग हे जास्तीचं आलं कुठून? जळताना कार्बन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो, त्याचं ते वजन.

पर्याय, त्यांच्या कटकटींसकट

सीएनजी आपल्याकडे रिक्षा आणि टॅक्सीला चांगला रुळला. धूर कमी, खर्च कमी. पण देशाला लागणाऱ्या वायूपैकी निम्म्याच्या आसपास आयातच आहे. शिवाय नोव्हेंबर २०२५ मध्ये ट्रॉम्बेच्या बाजूला गॅसच्या मुख्य नळाला इजा झाली आणि मुंबईपासून नवी मुंबईपर्यंत सीएनजी पंपांवर रिक्षांच्या रांगा लागल्या. इंधन बदललं, एकाच नळावरची भिस्त तशीच राहिली.

इथेनॉल बनतं उसाच्या मळी-रसापासून आणि मका-तांदळापासून. पेट्रोलमध्ये २० टक्के मिसळण्याचं लक्ष्य २०२५ मध्ये गाठलं. डॉलर वाचतात, साखर कारखान्यांना पैसा मिळतो. पण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा तिसऱ्या हिश्शानं कमी, त्यामुळे अॅव्हरेज थोडं घटतं, आणि लोकांची ती तक्रार खोटी नाही. उसाला लागणाऱ्या पाण्याचा प्रश्न मराठवाड्यात कोणालाही विचारा.

विजेच्या बस टीएमटी आणि एनएमएमटी या ठाणे आणि नवी मुंबईच्या महापालिका बससेवांकडे आल्या आहेत. राज्यानं विजेच्या कारना अटल सेतूवर टोलमाफीही दिली. जानेवारी २०२५ मध्ये तर मुंबई महानगर प्रदेशात पेट्रोल-डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्यानं बंद करता येतील का, हे बघायला सरकारनं समिती नेमली. माझ्या मते बस, रिक्षा, स्कूटर आणि मालाचे छोटे टेम्पो इथे आता थांबायचं कारण नाही. ठरलेली अंतरं, रात्री उभं राहायला जागा, आणि गणित विजेच्या बाजूचं. अडचण कसली म्हणाल तर वाशी-नेरुळच्या जुन्या सिडको इमारतींमध्ये चार्जिंग पॉइंट कोणाच्या मीटरवर घ्यायचा, यावरून सोसायटीच्या बैठका रंगतात. नौपाड्यातल्या चाळीत तर गाडी रस्त्यावर उभी, तिथे वायर खिडकीतून सोडायची का? बॅटरीचं लिथियमही आपण बाहेरूनच आणतो. पण ते एकदा आणलं की बरीच वर्षं चालतं, पेट्रोलसारखं रोज जळून जात नाही.

लांब पल्ल्याचे ट्रक, जहाजं आणि विमानं मात्र तेलावर राहणार, पुढची बरीच वर्षं. आणि इथे चिपाडाचा तो मुद्दा आडवा येतो. समजा ठाण्या-नवी मुंबईतल्या सगळ्या स्कूटर विजेवर गेल्या. विमानतळाला इंधन हवंच आहे, जेएनपीटीच्या ट्रकांना डिझेल हवंच आहे, रस्त्याला डांबर हवंच आहे. त्यासाठी कच्चं तेल मनोऱ्यात चढणार आणि त्यातून पेट्रोल निघणारच. ते निर्यात करायचं, की त्या हलक्या भागाचं प्लास्टिक करायचं? देशातल्या तेल कंपन्या रिफायनरीला जोडून रसायनांचे कारखाने वाढवतायत, त्याचं एक कारण हेच. स्कूटरमध्ये जळायचं थांबलेलं तेल उद्या पिशवीच्या रूपात घरात येऊ शकतं. ते खाडीच्या गाळात जाणार नाही याची सोय मात्र अजून कुठल्याच महापालिकेकडे धड नाही.